हरणाऱ्यांच्या बाजूने

अमेरिकेत डेट्रॉइट शहराचा पिस्टन्स हा बास्केटबॉलचा संघ आहे. २०२३ साली तो लागोपाठ २८ सामने हरला. घरच्याच मैदानावर प्रेक्षक ओरडू लागले, संघ विकून टाका! मला हे मुळीच पटलं नाही. संघातली बरीच पोरं विशी-बाविशीची. सत्ताविसाव्या पराभवात केड कनिंगहॅमने एकट्याने ४१ गुण केले. पण खेळतात पाच जण, एकटा किती पळणार? ३० डिसेंबरला टोरंटोला हरवलं, तेही दोनच गुणांनी. हंगामात ८२ पैकी १४ विजय. मग प्रशिक्षकांना काढलं. पुढच्या हंगामात, म्हणजे २०२४-२५ ला, ४४ विजय! आणि केड तोच. दादा मला अजून हसतो. हसू दे. मी अठ्ठाविसाव्या पराभवालाही पिस्टन्सचाच होतो.