कोणी सांगितले, ते आधी लिहा!

‘असे म्हटले जाते’, ‘असे दिसून येते’, ‘एका अभ्यासानुसार’. महाविद्यालयीन मुलामुलींचे प्रकल्प उघडले की पानापानावर हीच वाक्ये. म्हटले कोणी? दिसले कोणाला? इतवारीतल्या आमच्या कामावर दरवर्षी समाजकार्याचे विद्यार्थी येतात, त्यामुळे असे गठ्ठे मी पुष्कळ चाळले आहेत. शेवटी संदर्भसूची असते. तीही बहुधा मागच्या तुकडीच्या प्रकल्पातून उतरवलेली.

मुलांना नावे ठेवून भागणार नाही. संदर्भ देणे त्यांना शिकवले जाते ते धाक दाखवून. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणी रद्द. झाले! वर्गात चर्चा फक्त टक्क्यांची. कोणता शब्द फिरवला की आकडा खाली येतो, हे मुलांना पाठ असते. आणि आता तर मोबाइलवर सांगितले की निबंध तयार होऊन येतो, त्यात कोणाचेच नाव नसते.

पण यंत्र छापील शब्दच ताडून पाहणार. कांड्या भरणाऱ्या एखाद्या बाईने दोन तास खोटी करून मजुरीची, उधारीची, घरातल्या मारझोडीची हकीकत सांगितली आणि विद्यार्थ्याने ती ‘माझे निरीक्षण’ म्हणून लिहिली, तर साम्य शून्य टक्के. तिचे बोलणे कुठे छापलेलेच नाही. मग ही चोरी पकडणार कोण?

बायकांचे म्हणणे असेच गडप होत आले आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे मात्र पुस्तक विस्मृतीत गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले तेव्हा आपल्या हाती आले. मधली नव्वद वर्षे कोणी त्यांचे नाव घेत राहिले असते तर?

आपल्या नागपूरचेच घ्या. जाईबाई चौधरींनी १९२२ साली इथे मुलींची शाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वयस्क कार्यकर्त्यांना शोधून काढले, त्यांच्या मुलाखती घेतल्या, १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिले; म्हणून हा इतिहास आपल्यापैकी कितीजणींपर्यंत पोचला. त्यातले परिच्छेद उचलायचे, दोघींची नावे गाळायची आणि वर मुखपृष्ठावर ‘उपेक्षितांचा आवाज’ असे छापायचे! याला अभ्यास म्हणायचे?

‘पण गोपनीयता असते ना? बाईचे नाव कसे देणार?’ असे प्राध्यापक विचारतात. खरे आहे. मार खाणाऱ्या बाईचे नाव छापले तर तिला दुसरा मार आपणच दिला. पण नाव झाकणे वेगळे आणि बोलणे लाटणे वेगळे. तिची ओळख पटणार नाही अशा बेताने ‘कांड्या भरणारी एक बाई सांगते’ एवढे तर लिहिता येते! आणि नाव द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क तिचा. विणकामातले, हिशेबातले आपले ज्ञान सांगणाऱ्या बाईला नाव हवेही असेल. तिला विचारतो कोण?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या पत्रकांना आणि अहवालांनाही लागू आहे. ‘संस्थेच्या पाहणीत आढळले’ असे आपणही लिहितोच की. वस्तीत फिरून माहिती गोळा करणाऱ्या कार्यकर्तीचे नाव त्यात कितीदा असते?

महाविद्यालयांकडे मागणी साधी आहे. हा विषय प्रबंधाच्या वेळी नको, पहिल्या वर्षी, क्षेत्रकार्याला पाठवण्याआधी शिकवा. तोंडी परीक्षेत टक्के विचारू नका; एखाद्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे तुला कोणी सांगितले?’ असे विचारा. आमच्याकडे येणाऱ्या तुकडीला आम्ही एक अट घातली आहे. लिहिलेले आधी त्या बाईला वाचून दाखवायचे, तिची हरकत असेल ते वाक्य काढायचे, मगच हजेरीच्या कागदावर आमची सही.