सहा ठिपक्यांचा अर्धा र

या ग्रुपवर आपण बहुतेक जण वाडे, ओटले, गणपती आणि सराफ्यातल्या खाण्यावर लिहितो. मी आज कॉम्प्युटरमधल्या पेंटवर लिहितोय. तोच तो, लहानपणी आपण ज्यात घर, डोंगर आणि सूर्य काढायचो तो प्रोग्राम. विषय ऐकून हसू येईल, पण शेवटपर्यंत वाचा. गोष्ट आपल्या मराठीची आहे आणि थोडी माझ्या चुकीचीही.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाने महाप्रसाद करणाऱ्या दोघा आचाऱ्यांचा सत्कार केला. पंचवीसेक वर्षं मंडळाची पंगत त्यांच्याच हातची. मसालेभात, अळूचं फदफदं, जिलबी. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं व्यवस्थित होतं. मागे मोठा बॅनर होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "आमच्या आचार्यांचा सत्कार".

प्रमुख पाहुणे हिंदीभाषी. त्यांनी बॅनर वाचला आणि गुरुपरंपरेवर, विद्यादानावर चांगलं दहा मिनिटं भाषण दिलं. दोघे आचारी हातात नारळ घेऊन उभे. त्यातले एक मला हळूच म्हणाले, "भाऊ, साहेब कोणाबद्दल बोलून राहिले?" सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू गेलं, कारण मानपत्रावरही तेच छापलेलं होतं. त्या माणसांनी ते काचेत लावून भिंतीवर टांगलं असणार. ज्या कामाचा मान केला, त्या कामाचं नावच आम्ही चुकवलं. आणि बॅनर छापायच्या आधी तो माझ्या फोनवर आला होता. मी अंगठा दाखवून मोकळा झालो होतो.

"आचार्यांचा" आणि "आचाऱ्यांचा". फरक केवढा? पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो. दुसऱ्यात तो पापणीच्या केसासारखा वळून य च्या डाव्या बाजूला टेकतो. पहिल्यात आधीच्या अक्षरावर जोर पडतो, दुसऱ्यात पडत नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. हिंदीला हा अर्धा र लागत नाही, त्यात हिंदीचा काही दोष नाही. आपल्याला तो पावलोपावली लागतो. दुसऱ्या दिवशी, येणाऱ्या पाहुण्यांना, करणाऱ्या हातांना. त्याच्याशिवाय साधी निमंत्रणपत्रिकासुद्धा पुरी होत नाही.

आता पेंटकडे येतो.

१९९८ साली आमच्याकडे सेकंडहँड कॉम्प्युटर आला. मी दहावीत होतो. त्या वर्षी हळदीकुंकवाचं पत्रक छापायचं काम बाबांकडे होतं. प्रेसमध्ये मजकूर हिंदीच्या फॉन्टात बसवला, तर सगळीकडे "येणार्या" आणि "दुसर्या". प्रेसवाले भैया म्हणाले, "यही आता है." पुण्यामुंबईत श्रीलिपी, आकृतीसारखी मराठीची सॉफ्टवेअर होती, पण आमच्या गल्लीतल्या प्रेसपर्यंत ती पोचली नव्हती. आमच्या इंग्रजी विंडोज ९८ मध्ये तर देवनागरीची सोयच नव्हती. ती विंडोज २००० पासून आली.

बाबा म्हणाले, "तुझ्या त्या डब्यात काढता येतं का बघ."

मी पेंट उघडला. चित्र आठशे टक्के मोठं केलं आणि कंट्रोल-जी दाबून चौकटी आणल्या. मग पडद्यावर कागद उरला नाही, नुसती जाळी दिसायला लागली. प्रत्येक चौकट म्हणजे एक पिक्सेल, एक ठिपका. पेन्सिल घेऊन क्लिक केलं की एक चौकट काळी, उजवं बटण दाबलं की परत पांढरी.

शिरोरेषा सोपी, आडवी रांग. काना सोपा, उभी रांग. पंचेचाळीस अंशाची तिरकी रेघही सरळ येते, एक उजवीकडे, एक वर. पण त्याखेरीज कुठलीही तिरकी रेघ काढली की पायऱ्या होतात. दहा ठिपके उजवीकडे आणि तीन वर जायचं असेल, तर त्या तीन पायऱ्या नेमक्या कुठे घालायच्या? रेघेचं अवजार हे आपोआप ठरवतं. त्यामागचं एक प्रसिद्ध गणित आयबीएममध्ये जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये बसवलं. प्रत्येक पावलाला एकच प्रश्न: खऱ्या रेघेच्या जास्त जवळ कोण, सरळ पुढचा ठिपका की वरचा? पूर्णांकांची साधी बेरीज-वजाबाकी, बस. हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की पडद्यावर रेघ अशी काही नसतेच. ठिपके असतात आणि कोणीतरी प्रत्येक ठिपक्याची जागा ठरवलेली असते.

अर्ध्या र ला मला सहा ठिपके लागले. सहाच. पण ते सहा नीट बसायला अख्खी दुपार गेली. एक ठिपका खाली गेला की तो स्वल्पविराम दिसायचा, एक वर गेला की शिरोरेषेला चिकटायचा. त्या काळच्या पेंटमध्ये तीनदाच मागे जाता यायचं. चौथी चूक आपली आपण खोडायची.

आजी मागे येऊन उभी राहिली. तिला कॉम्प्युटरचं काही कौतुक नव्हतं. पण ती जाळी बघून म्हणाली, "अगो बाई, हे तर मॅटीवरचं भरतकाम. मोज आणि घाल." तिने तरुणपणी मॅटीच्या कापडावर टाके मोजून मोर भरले होते, आणि ठिपक्यांची रांगोळी तर रोजची. तिने खुर्ची ओढली आणि सांगायला लागली, "खालचा एक उजवीकडे सरकव. आता बघ." आणि बसला की!

पुढे वाचनात आलं की १९८४ च्या मॅकिंटॉशची चिन्हं काढणाऱ्या सुझन केअर यांनी आधी चौकटींच्या कागदावर ३२ बाय ३२ च्या जाळीत ती बसवली होती, आणि भरतकाम, मोझेक यांचा अनुभव त्यांना तिथे कामी आला होता. त्याच यंत्रावरच्या बिल अ‍ॅटकिन्सन यांच्या मॅकपेंटमध्ये एकेक ठिपका मोठा करून काढायची सोय होती, तिचं नाव फॅटबिट्स. आजीने यातलं एक नाव ऐकलं नव्हतं. पण काम तिला समजलं होतं.

मग मी "ऱ्या" चे दहा-बारा तुकडे बाबांच्या ऑफिसातल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढले, म्हणजे तिथेही ठिपकेच. कात्रीने कापले आणि प्रेसच्या मजकुरावर जिथे जिथे "र्या" होता तिथे गोंदाने चिकटवले. पत्रक छापून आलं. जरा वाकडं दिसत होतं, पण "येणाऱ्या सर्व भगिनींना" बरोबर होतं. फ्लॉपीवर ते चित्र कित्येक वर्षं जपून ठेवलं होतं. मी ते रंगीत बीएमपी म्हणून साठवलं होतं. ६४० बाय ४८० म्हणजे ३,०७,२०० ठिपके आणि दर ठिपक्याला तीन बाइट, म्हणून एका फ्लॉपीत एकच चित्र मावायचं. काळ्या-पांढऱ्यात साठवलं असतं तर पस्तीसहून अधिक मावली असती, पण तेवढी अक्कल तेव्हा नव्हती.

आता माझं मत सांगतो.

बॅनर माझ्या भाच्याने केला होता. सतरा वर्षांचा, हुशार मुलगा. मी त्याला चूक सांगितली तर म्हणाला, "मामा, कुठे चूक आहे? दोन्ही सेमच तर आहे." तो उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच दोन्ही सारखं दिसत होतं. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, घरी मराठी बोलतो, वाचतो फारच थोडं. त्याच्या डोळ्यांसमोरून तो अर्धा र हजारदा गेला असेल, पण त्याने तो पाहिलेला नव्हता. आणि मी, ज्याने तो सहा ठिपक्यांनी बसवला होता, तो फोनवर घाईत अंगठा दाखवून मोकळा.

मला वाटतं, इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या लोकांचा धोका इथेच आहे. बडोद्याला गुजराती लिपी वेगळी, बेळगावला कन्नड वेगळी, हैदराबादला तेलुगू वेगळी. तिथे पाटीवरून मराठी गेली की लगेच डोळ्यांत भरतं. आपल्याकडे लिपी तीच, देवनागरी. म्हणून आपण गाफील. मराठी कधी निघून गेली हे पाटी बघून कळतच नाही. ती जाते ती अशा चार-पाच जागांवरून: ऱ्य, ऱ्ह, ळ, पाकळीचा ल, देठाचा श. टिळक "टिलक" होतात, होळकर "होलकर" होतात, तेही होळकरांच्या इंदुरात, आणि आपण म्हणतो, "चालतंय, लोक समजून घेतात."

भाच्याचं म्हणणंही मांडतो, कारण ते खोटं नाही. तो म्हणाला, आता युनिकोड आहे, ठिपके कशाला मोजायचे? बरोबर. आज ऱ वेगळा टंकता येतो, इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे. त्याला हलन्त आणि य जोडला की ऱ्य तयार. सहा ठिपक्यांची दुपार आता दोन सेकंदांची झाली आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. पण सोय असूनही बॅनर चुकला ना! कारण जे अक्षर दिसतच नाही, ते टंकायचं सुचणार कुठून? तयार नमुने आणि चित्रं बनवणारी ए.आय. यांच्याकडून तर ही अपेक्षाच चुकीची. त्या चित्रांतली देवनागरी बऱ्याचदा लांबून देवनागरी वाटते, जवळ गेलं की वाचता येत नाही. ती चुकली आहे हे ओळखायला अक्षर पाहिलेला माणूसच लागतो.

म्हणून मी भाच्याला भाषण दिलं नाही. पेंट उघडून दिला. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर पुढे काम करणार नाही असं जाहीर केलं होतं. लोकांनी इतका गलका केला की तो राहिला. आता त्यात थर आहेत, नवी अवजारं आहेत, पण पेन्सिल आणि जाळी अजून आहे. मी म्हटलं, "फक्त ऱ्या काढ. पेन्सिलने. बाकी काही वापरायचं नाही."

पाच मिनिटं कुरकुर, मग गप्प. अर्ध्या तासाने म्हणाला, "मामा, हा डोक्यावर नाहीच आहे, हा बाजूला आहे!" एवढंच मला ऐकायचं होतं. नंतर स्वतःहून ळ काढायला बसला. दोन वाटोळ्यांपैकी एक उघडं राहिलं आणि रंगाची बादली ओतल्यावर सगळा पडदा निळा झाला. एक ठिपका राहिला होता. तो शोधताना त्याने ळ जितका निरखला, तितका दहा वर्षांत निरखला नसेल.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी दोन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, उन्हाळी शिबिरात दोन तास या पाच अक्षरांसाठी द्यावेत. आधी चौकटींच्या वहीत, मग पेंटमध्ये. शिकवायला कॉम्प्युटरवाला नको, रांगोळी घालणारी कोणीही आजी चालेल. दुसरी, छापायला जाणारा प्रत्येक बॅनर दोन माणसांनी मोठ्याने वाचावा. नुसता अंगठा चालणार नाही, माझाही नाही. काही जणांना हा बालिशपणा वाटला. एक काका म्हणाले, "मुलांना कोडिंग शिकवा, ठिपके काय शिकवताय?" काका, कोडिंग जरूर शिकवा. पण जो मुलगा उद्या फॉन्ट किंवा कळफलक बनवेल, त्याला आपला ऱ ठाऊक असायला हवा की नको?

मानपत्रं आम्ही नवी छापली. अक्षरं भाच्याने बसवली आणि माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतली. एका आचाऱ्यांनी ती बदलून घेतली. दुसरे म्हणाले, "राहू द्या भाऊ, माझी नात तेच दाखवून सांगते की आजोबा आचार्य आहेत." मी नवं मानपत्र तरी तिथेच ठेवून आलो. नात तिसरीत आहे. शिबिराला तिचं नाव मी आत्ताच लिहून ठेवलंय.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? तुमच्या आडनावातला, गल्लीच्या पाटीवरचा, पत्रिकेतला ळ किंवा ऱ शाबूत आहे का, एकदा बघून सांगा. आणि घरात एखादं मूल असेल तर आज त्याला पेंट उघडून द्या. एकच अक्षर, पेन्सिलने.