सिनेमा सुटल्यावर

१९९१ साली 'माहेरची साडी' लागला तेव्हा मी आईच्या कडेवर होते. मला त्यातलं काही आठवत नाही, पण त्या दुपारची गोष्ट आईकडून इतक्यांदा ऐकली आहे की ती माझीच आठवण वाटते. आळीतल्या नऊ बायकांनी सकाळीच दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापून ठेवल्या, मोठी पोरं शेजारच्या आजींकडे सोपवली, अंगावरची तेवढी बरोबर घेतली आणि दुपारचा खेळ गाठला. "प्रत्येकीनं रुमाल नेला होता, तरी पदर भिजले," असं आई सांगते.

पुढे एम.एस.डब्ल्यू. करताना मी या चित्रपटावर एक निबंध लिहिला. बाईच्या सोशिकपणाची आरती करणारा, सासूला खलनायिका ठरवून घरातल्या खऱ्या सत्तेवर पांघरूण घालणारा, असं बरंच काही त्यात होतं. मोठ्या अभिमानानं तो मी आईला वाचून दाखवला. तिनं भाजी निवडता निवडता सगळा ऐकला आणि म्हणाली, "तू म्हणतेस ते खरंच असेल गं. पण त्या दिवशी आम्ही नऊजणी एकदम रडलो आणि 'का रडतेस' असं कुणी कुणाला विचारलं नाही."

निबंधाला चांगले गुण मिळाले. आईच्या वाक्याला उत्तर मात्र मला आजवर सापडलेलं नाही. या अंकाचा विषय 'सिनेमा आणि आपण' असा ठरला, तेव्हा पहिलं तेच वाक्य आठवलं.

बाई दोन-अडीच तास एका जागी बसली आहे आणि तिच्याकडे कुणी चहा, पाणी, औषधाची गोळी किंवा हरवलेला मोजा मागत नाही, अशा जागा आपल्याकडे किती आहेत? एक देऊळ, एक सिनेमाचं थिएटर. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा गावोगावच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, गॉगल लावून, घोळक्यानं थिएटरात गेल्या. बत्तीस वर्षांपूर्वी आमच्या आळीतल्या बायका मिळून रडायला गेल्या होत्या, या मिळून हसायला आणि फुगड्या घालायला गेल्या. दोन्ही वेळा आपण कार्यकर्त्यांनी चित्रपटाची कथा तपासली, त्यातली मूल्यं तपासली. ते करायलाच हवं. पण बायका तिथं का जातात आणि तिथून काय घेऊन बाहेर पडतात, हे विचारायला आपण कमी पडलो.

समुपदेशन केंद्रात बसायला लागल्यापासून मला हे जास्त जाणवतं. समोर बसलेल्या बाईला स्वतःचं दुःख सांगायला शब्द सापडत नसतात. 'भावनिक हिंसा' हा आपल्या फॉर्मवरचा शब्द तिचा नसतो. मग ती म्हणते, "ताई, त्या अमक्या पिक्चरमध्ये नाही का, तो तिच्याशी महिना महिना बोलतच नाही, तस्सं." एका वाक्यात सगळं कळतं. स्वतःच्या नवऱ्याविषयी उघड बोलणं जड जातं. पडद्यावरच्या नवऱ्याविषयी बोलायला कुणाची भीती?

पण एकच चित्रपट सगळ्यांना एकच गोष्ट सांगत नाही. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. वस्तीतल्या मुलींनी त्यात बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर हाकणारी, आपल्याला कोण आवडतं ते स्वतः ठरवणारी आर्ची पाहिली. त्यांच्यासाठी चित्रपट म्हणजे पहिला अर्धा भाग. त्याच वस्तीतल्या काही बापांनी आणि भावांनी शेवटची दहा मिनिटं पाहिली. रक्तानं भरलेल्या त्या चिमुकल्या पावलांनी आपल्याला सुन्न केलं आणि दिग्दर्शकाला तेच करायचं होतं. पण त्यानंतर काही महिन्यांनी सतरा वर्षांची एक मुलगी केंद्रात आली. कॉलेजच्या रस्त्यावर एका मुलाशी बोलताना तिला चुलत्यानं पाहिलं होतं. तिनं सांगितलं, "घरी म्हणतात, तुझं सैराट करू."

'सैराट' म्हणजे मोकाट, कुणाला न जुमानता धावणारं. आपल्या भाषेतला किती देखणा शब्द! जातीच्या अभिमानानं आंधळ्या झालेल्या माणसांनी त्याची धमकी करून टाकली. यात चित्रपटाचा दोष मी मानत नाही. पडद्यावर काय चाललं आहे याइतकंच आपण ते कुठं बसून पाहतो आहोत यालाही महत्त्व असतं, एवढंच मी त्या मुलीकडून शिकले.

आणि कुठं बसून पाहतो, हे मी स्वतः विसरले त्याची ही गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी आठ मार्चच्या निमित्तानं आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात 'थप्पड' दाखवला. अनुभव सिन्हा यांचा २०२० सालचा चित्रपट. घरच्या पार्टीत, पाहुण्यांदेखत, नवरा अमृताला एक थप्पड मारतो. एकच. पण ती थप्पड ती विसरू शकत नाही. 'एवढ्या-तेवढ्यावरून' संसार मोडतात का, असं सगळे विचारत राहतात आणि ती घटस्फोटापर्यंत जाते. साठेक बायका आल्या होत्या. चर्चा रंगली. "एका थपडेवरून घर सोडायचं तर आमच्या वस्तीत एकही घर उरणार नाही," असं एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यात काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) नवऱ्यानं थप्पड मारल्याचं दर चार विवाहित बायकांमागे एकीनं सांगितलं आहे. त्याच पाहणीत काही ना काही कारणासाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायका शंभरात पंचेचाळीस आहेत आणि पुरुष चव्वेचाळीस. बायका एकनं जास्तच! आमची चर्चा या आकड्यांवर नेऊन मी मोठ्या समाधानानं कार्यक्रम संपवला.

मागच्या बाजूला एकजण गप्प बसली होती. सगळ्या गेल्यावर तिनं सतरंज्या गुंडाळायला मदत केली. चौथ्या दिवशी सकाळी ती केंद्राच्या दारात उभी होती. हातात बॅग, बरोबर दोन मुलं. रात्री भात मऊ झाला म्हणून नवऱ्यानं मारलं होतं. ती म्हणाली, "चौदा वर्षं खातेय, ताई. पण काल पहिल्यांदा ती थप्पड मला थप्पड वाटली. त्या बाईसारखं करायचं ठरवलं."

त्या क्षणी मला आधी आनंद झाला, हे प्रामाणिकपणे सांगते. याचसाठी तर आपण काम करतो! दुपारपर्यंत तो आनंद ओसरला. निवारागृहात जागा होती, पण मुलगा तेरा वर्षांचा, त्याला तिथं घेता येईना. मुलाला सोडून राहायला ती तयार नव्हती. आईवडील नव्हते. भावाला फोन केला. तो म्हणाला, चार दिवस ठेवतो, मग दाजींना बोलावून समजूत घालू. आमच्या एका कार्यकर्तीनं तिला स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत ठेवून घेतलं. मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या. नवव्या दिवशी ती परत घरी गेली. जाताना रागावली नाही, रडली नाही. मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "ताई, त्या सिनेमातल्या बाईला बाप होता."

मी तो चित्रपट दोनदा पाहिला होता. अमृताचे वडील तिच्या पाठीशी उभे राहतात, ते प्रसंग मला फार आवडले होते. पण त्या वडिलांच्या मागे एक घर आहे, त्या घरात तिची खोली आहे आणि चित्रपटाचा सगळा डोलारा त्या खोलीवर उभा आहे, हे मला दिसलं नव्हतं. ज्या बाईला ती खोली नाही, तिला ते पहिल्याच खेळात दिसलं.

अमृता नवऱ्याकडून पोटगी मागत नाही. तिचा स्वाभिमान आपल्याला भावतो. पण आपल्या वस्तीतल्या बाईनं काहीच न मागता निघून जायचं म्हणजे चौदा वर्षांच्या कष्टांवर पाणी सोडायचं. तिचा स्वाभिमान हक्काचं मागण्यात आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. ज्या घरात ती नवऱ्याबरोबर राहिली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, असं त्याचं कलम १७ सांगतं. हे मला पाठ होतं. त्या संध्याकाळी साठ बायकांसमोर मी ते उच्चारलंही नव्हतं. मी आकडे सांगत बसले होते.

एम.एस.डब्ल्यू.ला असताना होस्टेलवर आम्ही 'उंबरठा' पाहिला होता. जब्बार पटेल यांचा १९८२ सालचा, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा चित्रपट. स्मिता पाटीलची सुलभा महाजन घरदार, लहान मुलगी मागं ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. आम्ही सगळ्या भारावून गेलो होतो. त्या रात्री आमच्यातली प्रत्येकजण सुलभा होती. सुधारगृहातल्या बायकांपैकी एकीच्या जागी स्वतःला पाहणारी एकही नव्हती. समाजकार्य शिकलेल्या माणसाची ही खोड फार लवकर लागते आणि फार उशिरा लक्षात येते.

पाच महिन्यांनी ती पुन्हा आली. या वेळी बॅग नव्हती, कापडी पिशवी होती. पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलांचे शाळेचे दाखले, सरकारी दवाखान्यातले दोन केसपेपर. खाली बसत तिनं विचारलं, "घर न सोडता काय करता येतं?" संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत अर्ज झाला. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. तारखा अजून चालू आहेत. मार थांबला आहे, टोमणे थांबलेले नाहीत. ती त्याच घरात राहते आणि सकाळी तीन ठिकाणी पोळ्यांची कामं करते. कुठल्याही चित्रपटाचा शेवट असा होत नाही. पण ती भेटली की म्हणते, "चाललंय, ताई. आता मी मोजते, आणि त्यालाही ठाऊक आहे मी मोजते ते."

तेव्हापासून आम्ही चित्रपट दाखवायचं थांबवलं नाही, दाखवण्याची रीत बदलली. आधी घरपाठ करतो: आज रात्री कुणाला घर सोडावं लागलं तर ती कुठं जाईल, मुलगा बरोबर असेल तर कुठं, संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर चालू आहे का, १८१ आणि ११२ हे नंबर सगळ्यांना माहीत आहेत का. मग चित्रपट. आणि 'कसा वाटला?' या प्रश्नाऐवजी आता विचारतो, 'तिच्याकडे असं काय होतं, जे आपल्याकडे नाही? ते आपण मिळून कुठून आणू?'

मागच्या वर्षी किशोरी गटाला किरण राव यांचा 'लापता लेडीज' (२०२४) दाखवला. रेल्वेत हरवलेल्या फूलला सासरच्या गावाचा पत्ता धड सांगता येत नाही. मुली पोट धरून हसल्या. चित्रपट संपल्यावर सगळ्यांचे मोबाइल एका ताटात ठेवायला सांगितले आणि विचारलं, घरचा एक नंबर आणि पूर्ण पत्ता पाठ कुणाला येतो? अर्ध्याहून अधिकजणींना येईना. हसू मावळलं. त्या आठवड्याचा अभ्यास तोच झाला. पुढच्या बैठकीत एक मुलगी स्वतःच्या आईलाच घेऊन आली आणि म्हणाली, "हिलाही नाही येत. हिलाही शिकवा."

मैत्रिणींनो, मारझोडीला प्रेम म्हणणाऱ्या, पाठलागाला धाडस म्हणणाऱ्या चित्रपटांवर आपण लिहिलं पाहिजे, बोललं पाहिजे, आणि ते आपण करतोच. पण चांगल्या चित्रपटांचीही एक जबाबदारी आपल्यावर येते. चित्रपट बाईच्या मनात दार उघडतो आणि अडीच तासांनी दिवे लागतात. दारापलीकडे अंगण आहे की खड्डा, हे पाहायचं काम दिग्दर्शकाचं नाही, ते आपलं आहे. त्याच पाहणीनुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या शंभरात जेमतेम चौदा आहेत. एखादी पंधरावी केवळ एका चित्रपटामुळे उठून आपल्या दारात आली, तर तिला पाठवायला आपल्याजवळ काय आहे?

तुमच्या गटात हा प्रश्न मांडा. तुमच्या गावात काय आहे, काय नाही, काय तुम्ही मिळून उभं केलंत, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवतो आहोत. पत्र मोठं नसलं तरी चालेल, अक्षर कसंही असलं तरी चालेल.

हे संपादकीय लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवलं. या वेळी ती मटार सोलत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आम्ही नऊजणी त्या दिवशी थिएटरातून बाहेर पडलो आणि आपापल्या घरी गेलो. पुढचं कुणी कुणाला विचारलंच नाही."

आता आपण विचारूया.