सरासरीला न दिसणारा अंधार

४ मे २०२५ रोजी दुपारी ‘नीट’ सुरू असतानाच इंदूरला वादळी पावसाने झोडपले आणि अनेक केंद्रांवरील वीज गेली. कुठे मेणबत्तीच्या, कुठे खिडकीतून येणाऱ्या अंधूक उजेडात विद्यार्थ्यांनी पेपर सोडवला. प्रकरण मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठासमोर गेले. ३० जूनला एकल न्यायमूर्तींनी बाधित याचिकाकर्त्यांची फेरपरीक्षा घेण्याचा आदेश दिला. १४ जुलैला द्विसदस्यीय पीठाने तो रद्दबातल ठरवला. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

परीक्षा घेणाऱ्या ‘एनटीए’ची भिस्त होती ती संख्याशास्त्रावर. वीज गेलेल्या आणि न गेलेल्या केंद्रांच्या निकालांत लक्षणीय तफावत नाही, असा तज्ज्ञ समितीचा निष्कर्ष होता. खरी मेख इथेच आहे. सरासरी केंद्राची निघते. प्रवेश मात्र एकेकट्या विद्यार्थ्याला मिळतो किंवा हुकतो. खिडकीशेजारचा आणि आतल्या भिंतीलगतचा, दोघेही त्या सरासरीत सारखेच. त्यात १८० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकल्यास एक वजा. अशा परीक्षेत दहा मिनिटांचा अंधार दहा मिनिटांत संपत नाही. वेळ भरून काढण्याची घाई होते, वाचलेला प्रश्न पुन्हा वाचावा लागतो, येत असलेल्या उत्तराविषयीही शंका येते. वर्ष-दोन वर्षे याच एका दुपारची तयारी केलेल्या मुलाला ‘शांत राहा’ म्हणणे सोपे असते.

फेरपरीक्षेलाही अडचणी होत्या, हे मान्य करायला हवे. सुमारे २२ लाखांच्या गुणवत्ता यादीत मूठभरांचा वेगळा पेपर कसा बसवायचा? पण २०२४ मध्ये वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ जणांना वाढीव गुण दिले गेले, ते वादात सापडल्यावर मागे घेऊन २३ जूनला फेरपरीक्षेचा पर्याय दिला गेला. म्हणजे मार्ग होता; नियम नव्हता.

प्रश्न वादळापुरता नाही. न्यूयॉर्कमधील शालान्त परीक्षांचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ जिसंग पार्क यांना, उष्ण दिवशी दिलेल्या पेपरांत गुण घटल्याचे आढळले. आपल्याकडे मात्र ‘नीट’ २०२३ पासून सलग तीन वर्षे मेच्या पहिल्या रविवारी, दुपारी २ वाजता सुरू झाली. या दिवसांत उकाडा आणि वळीव दोन्ही अपेक्षितच असतात. गोव्यातल्या पालकांना ते वेगळे सांगायला नको. मग जनरेटर नसलेल्या इमारतीला केंद्र का द्यावे? वीज किती मिनिटे गेली याची केंद्रप्रमुखाने तिथेच नोंद करून तेवढा वेळ वाढवून देण्याची तरतूद परीक्षेपूर्वीच का नसावी? पुढच्या मेपूर्वी ‘एनटीए’ने एवढे तरी लेखी जाहीर करावे.