काचेवरचं पाणी येतं कुठून?

आमच्या बुऱ्हाणपुरात उन्हाळ्याची चर्चा इतकी, की थंडीकडे कुणी फारसं बघतच नाही. पण जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास आला की नव्या घरांतल्या स्लायडिंग खिडक्या सकाळी आतून घामाघूम झालेल्या दिसतात. सगळ्यांचा पहिला संशय भिंतीवर: ओल येतेय, वॉटरप्रूफिंग करून घ्या.

लालबागला राहणाऱ्या माझ्या मावशीलाही मिस्त्रीने हेच सांगितलं. मावसबहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. खिडक्या बंद, दाराला जाड पडदा, दोरीवर दुपटी आणि लंगोट वाळत घातलेले, लागूनच्या न्हाणीघरात रोज दोघांची कढत पाण्याची आंघोळ. मावशी रोज सकाळी काच टिपून काढायची. काच कोरडी व्हायची हो, पण पाळण्याशेजारच्या कपाटामागे भिंतीवर काळी बुरशी धरली होती. तान्ह्या बाळाच्या श्वासात ती जाणं मला रंग खराब होण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटलं.

मिस्त्रीला आगाऊ पैसे देण्याआधी एक साधी चाचणी केली. भिंतीचा ओलसर भाग पुसून कोरडा केला, त्यावर वीतभर फॉइल चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवली आणि दोन दिवस तशीच ठेवली. पाणी फॉइलच्या मागे धरलं तर ते भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवेतून. आमचे थेंब खोलीकडच्या बाजूला होते. मिस्त्रीला नको म्हणून सांगितलं.

हवा जितकी गरम, तितकी वाफ तिच्यात जास्त मावते. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम, १० अंशांच्या हवेत जेमतेम ९. खोलीत २० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर १४ अंशांच्या खाली गेलेल्या कशावरही दव धरणार. बाहेर १० असताना एकेरी काच आतून बारा-तेरावर येते. बाहेरच्या बाजूची भिंतही रात्री गार होते, आणि कपाटामागे तर हवा फिरतच नाही.

वाफ मात्र आपलीच. आपला श्वास, आंघोळ, ओले कपडे आणि स्वयंपाकाचा गॅस. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरहून जास्त! जुन्या धाब्याच्या घरांत छताला साणं असायचं, धुराबरोबर वाफही निघून जायची. शाही किल्ल्यातल्या हमामात वाफ मुद्दाम कोंडायची असे. बाळंतिणीच्या खोलीला तिचा काय उपयोग?

‘‘खिडकी उघडली तर बाळंतिणीला वारा लागेल,’’ मावशी म्हणाली. या वादात मी जिंकणार नव्हतो. मग तिला कूलरची आठवण करून दिली. मे महिन्यात कूलर लावला की समोरची खिडकी ती स्वतःच उघडी ठेवायला लावते, नाहीतर अंग चिकचिकतं. हे तेच आहे म्हटल्यावर पटलं. आता बाळ-बाळंतीण कोवळ्या उन्हात बसली की तेवढी पंधरा-वीस मिनिटं खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या उघडतात. दुपटी गच्चीवर वाळतात. आंघोळीच्या वेळी न्हाणीचं दार बंद, एक्झॉस्ट चालू, आणि आंघोळ झाल्यावरही तो थोडा वेळ चालू. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवलं. बुरशी मी तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसली. कोरडी झटकली की ती हवेत उडते. काच अजूनही एखाद्या गार सकाळी धुकट होते, पण पट्टीत पाणी साचत नाही.

शेक-शेगडी ज्या घरांत आहे तिथे मात्र मी वाद घालतोच. बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास. न्हाणीत गॅस गिझर असेल तर तोही बाहेर बसवावा.

पावसाळ्यात हेच उलटं दिसतं. एसीच्या खोलीची काच बाहेरून धुकट होते, कारण ते बाहेरच्या दमट हवेतलं पाणी. एसी २६ वर न्या आणि ती काच पुसत बसू नका.