जात न कळणारं नाव मागणाऱ्यांना

दोस्तांनो, आपल्या वस्त्यांत हल्ली एक नवीन मागणी निघाली आहे. लेकरू जन्मलं की शिकलेला बाप फोन करतो आणि म्हणतो, "जात कळणार नाही असं एखादं नाव सांगा." कळंबहून फोन येतो, उमरग्याहून येतो. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा आपला पोरगा तर हटकून हेच विचारतो. मी वस्तीत नामकरणाचा विधी लावतो, त्रिशरण-पंचशील घेतो, म्हणून मला विचारतात. या मागणीवर मला बोलायचं आहे. ते गोड लागणार नाही.

जात न कळणारं नाव म्हंजी कोणतं, असं मी विचारतो. मग मोबाईलवर यादी येते. अथर्व, वेदांत, आर्यन, श्लोक. मुलगी असेल तर आर्या, ऋचा, वैदेही. अरे, या नावांत जात कळत नाही? चांगली कळते. फक्त ती आपली नसते. ज्याला तुम्ही बिनजातीचं नाव म्हणता ते वरच्या जातीचं नाव आहे, आणि वरच्याला जात नसते असं आपल्याला इतकी वर्षं शिकवलंय की आपल्यालाही ते खरं वाटायला लागलंय.

अथर्व. चौथ्या वेदाचं नाव. वेद कानावर पडला तर शूद्राच्या कानात वितळलेलं शिसं आणि लाख ओता, हा कायदा गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलाय. (हा गौतम वेगळा, आपला नव्हे.) ज्या कानात शिसं ओतायचं त्याच कानात आता आत्या 'अथर्व' म्हणून कुर्रर्र करणार. आणि याला आपण पुढं जाणं म्हणणार!

नावाचाही कायदा होताच. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित. जुगुप्सित म्हंजी ऐकणाऱ्याला किळस यावी असं. आपण तर त्या चारांच्याही बाहेर. आपल्यासाठी वेगळा नियम लिहायची त्याला गरजच वाटली नाही, गावानं तो न लिहिता पाळला. आपल्या आज्या-पणज्यांची नावं आठवा. दगडू, धोंडी, कचरू, केरू, उकिरड्या, भिका. बायकांत दगडाबाई, धोंडाबाई, कचराबाई.

यावर सवर्ण मित्रांचं उत्तर ठरलेलं. अहो, ती नावं आमच्यातही होती की. पोरं जगत नव्हती, म्हणून सटवाईची नजर चुकवायला वाईट नाव ठेवायचे. खरं आहे, मी नाकारत नाही. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडोच होतं. १९५८ साली भारतरत्न मिळालं ते धोंडो केशवांना. पण तो धोंडो धोंडोपंत झाला, अण्णासाहेब झाला, महर्षी झाला. आमचा धोंडिबा ऐंशी वर्षांचा होऊन मेला तरी पाटलाच्या चौथीतल्या नातवाला धोंड्याच होता. सटवाईची नजर दोघांचीही चुकली, गावाची नजर एकाचीच चुकली. त्यांच्या नावाला राव, पंत, साहेब अशी शेपटी. आमच्या नावाला 'या'. जुने कागद काढून बघा. 'धोंड्या वलद कचऱ्या महार'. पोरगा 'या', बाप 'या', आणि मागं जात.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक खातं होतं, देवाचं. तुळजापूरची भवानी, येरमाळ्याची येडेश्वरी, अणदूरचा खंडोबा. लेकरू नवसाचं, म्हणून नावही नवसात गेलेलं. अंबादास, तुळजाबाई, खंडू, मल्हारी. नाव देवाचं आणि उभं राहायचं पायरीच्या खाली.

मग १४ ऑक्टोबर १९५६ आला. नागपूरला गेलेल्यांनी आणि नुसती बातमी ऐकलेल्यांनीही त्यानंतर आपल्या लेकरांची नावं कशी ठेवली ते आठवा. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक. सुजाता, यशोधरा, महामाया, प्रज्ञा, करुणा. मिलिंद, म्हंजी नागसेनाला प्रश्न विचारून विचारून भंडावणारा ग्रीक राजा मिनँडर. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजाला त्याचं नाव दिलं, आणि मराठवाड्यात खुरप्यानं हात घट्टे पडलेल्या बाईनं ते आपल्या पोराला दिलं. जोशाला विचारलं नाही, पंचांग उघडलं नाही. माझ्या चुलतीनं लेकीचं नाव संघमित्रा ठेवलं. तिच्या जिभेवर जोडाक्षर बसत नसे, ती 'संगमितरा' म्हणायची. पण म्हणायची. नदीवर, रानात, बाजारात, मोठ्यानं. हजार वर्षांत पहिल्यांदा आपल्या माणसांनी लेकराला स्वतःच्या मनानं नाव दिलं होतं.

गावानं काय म्हटलं? नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. महारं लई शेफारली. शाळेत मास्तर नाव ऐकून तोंड वाकडं करी. असलं अवघड कशाला, मी 'परमेश्वर' लिहितो, म्हणे. नाव त्याच्या मनाचं आणि जन्मतारीख १ जून. देव न मानणाऱ्या बापाचं पोरगं दाखल्यावर परमेश्वर होऊन बसलं. असे परमेश्वर मला दोन-चार माहीत आहेत, एक वीटभट्टीवर आहे.

आता गाव तसं तोंडावर म्हणत नाही. आता हसून म्हणतात, तुमच्यात काय, घराआड सिद्धार्थ, घराआड राहुल, दुसरी नावंच नाहीत का? त्यांच्या आळीत शिवाजी किती, संभाजी किती, हे कुणी मोजतं का? तेच नाव त्यांच्या घरात गेलं की 'छान', 'मॉडर्न'. आपल्या घरात राहिलं की 'टिपिकल'. सिद्धार्थ नावाचा नट चालतो, राहुल नावाचा क्रिकेटवाला चालतो. म्हंजी नावाला जात चिकटलेली नाही. हुंगणाऱ्याच्या नाकात ती आहे.

आणि हे नाक कसं काम करतं ते नीट समजून घ्या. गायकवाड, जाधव, शिंदे, ही आडनावं मराठ्यांतही आहेत आणि आपल्यातही. नुसतं आडनाव ऐकून वास लागत नाही. मग पहिलं नाव विचारतात. तिथंही नाही लागला तर बापाचं नाव. मग गाव कुठलं, गावात घर कुठं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, महारवाड्याचं भीमनगर, समतानगर करा म्हणून. चांगलंच केलं. पण पत्ता विचारणारा 'भीमनगर' ऐकूनही तेवढंच ओळखतो, आणि पुढच्या प्रश्नाची गरज उरत नाही. तुमचा अथर्व या चौकशीत पहिल्या पायरीवर वाचेल. दुसऱ्या पायरीवर त्याच्या बापाचं नाव मिलिंद आहे, त्याचं काय करणार?

माझा धाकटा भाऊ मला म्हणाला, दादा, भाषण देऊ नको, नोकरी नावावर अडते का नाही ते सांग. अडते. त्याची भीती खोटी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ साली त्यांची पाहणी छापली. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त नावं वेगळी, असे अर्ज खाजगी कंपन्यांना पाठवले होते. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या मानानं सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुसलमान नावाची त्याहून कमी. म्हंजी दोष कुणाचा सिद्ध झाला? अर्ज उघडणाऱ्याचा. आणि शिक्षा कुणी भोगायची? पाळण्यातल्या बारा दिवसांच्या लेकरानं, आपलं नाव टाकून!

बाबासाहेबांनी हे सगळं आधीच तपासून ठेवलंय. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत, 'मुक्ती कोन पथे' या भाषणात, त्यांनी नावाचा प्रश्न घेतला. महार म्हणायचं सोडून चोखामेळा म्हटलं, तरी काय झालं? नाव बदललं आणि माणूस त्याच घरात राहिला तर नवं नावही विटाळतं. नाव बाहेरचं पाहिजे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत काँग्रेस सरकारनं कायद्यात 'हरिजन' शब्द घातला, तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षासकट सभात्याग करून बाहेर पडले. एका नावासाठी. दुसऱ्यानं दयेनं दिलेलं गोड नावही त्यांनी घेतलं नाही. आणि आपण दुसऱ्याच्या यादीतलं नाव चोरून घेऊन लेकराला त्यात लपवायला निघालो.

पण माझ्या भावजयीनं एक गोष्ट म्हटली, ती मला अजून टोचते. मी 'भीम' हे नाव सुचवलं होतं. ती म्हणाली, "भाऊजी, भीम ठेवलं तर गावात भीम्या म्हणतील. माझ्या लेकराला दिलेली शिवी मी सोसंन. बाबासाहेबाला दिलेली कशी सोसू?" याला भित्रेपणा म्हणू नका. भावाच्या सगळ्या हिशेबापेक्षा ही बाई जास्त खोल बोलली. तिला नावाची लाज नाही, तिला नावाची अब्रू सांभाळायची आहे.

तर 'या' चा प्रश्न असा. मैतरानं मैतराला 'या' लावला तर ती माया. आईनं लावला तर लाड. वयानं धाकट्यानं थोरल्याला लावला तर ती जात. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव काय लिहिलंय? भिवा रामजी आंबेडकर. घरचं लाडाचं भिवा. त्या भिवाला पुढं देशानं कोणत्या नावानं हाक मारली ते सांगायला नको. म्हणून मी भावजयीला म्हटलं, नाव भीम ठेव न ठेव, तुझी मर्जी. पण जे ठेवशील ते पुरं म्हणायला लावायचं. लढाई पाळण्यापाशी थोडी आणि रस्त्यावर जास्त आहे.

रस्त्यावरची हीच लढाई मराठवाड्यानं एकदा पाहिली आहे. नावात काय आहे, असं आपल्याला विचारतात ना? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि गावोगाव आपली घरं पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि तेव्हाही नामांतर मिळालं नाही, 'नामविस्तार' मिळाला. साडेपंधरा वर्षं. उस्मानाबादचं धाराशिव मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं, आणि त्या बाजूनं कुणी नावात काय आहे असं विचारल्याचं माझ्या कानावर नाही. पाट्या रंगल्या, शिक्के बदलले. मला त्या नावाशी भांडायचं नाही. मी फक्त मोजमाप दाखवतोय.

आणि इतकं रक्त सांडून मिळालेल्या नावाचं आपण काय केलं? धाराशिवच्या उपपरिसरातल्या पोरांना विचारा, कुठं शिकतोस? 'बामू'ला. डॉक्टर गेले, बाबासाहेब गेले, आंबेडकर गेले. इंग्रजी आद्याक्षरांचा एक बोळा राहिला. सवर्ण पोरगा म्हणतो ते मी समजू शकतो. आपला पोरगाही म्हणतो. हा 'धोंड्या' करण्याचाच प्रकार आहे, फक्त विद्यापीठाला केलेला.

जाता जाता आपल्यातल्या नव्या जोशालाही सांगून ठेवतो. बौद्ध नावांच्या याद्या फिरवता, ठीक. पण त्यात राशीचं अक्षर कशाला? 'च' वरून पाली नाव हवं, असा फोन मला येतो तेव्हा हसावं का रडावं कळत नाही. पंचांग खिडकीतून फेकलं होतं, ते मोबाईलमधून परत आत आलं. मातंग साथी लहू ठेवोत, कुणी सावित्री ठेवो, ज्योती ठेवो, जुनं धोंडाबाई नाव अभिमानानं पुन्हा ठेवो. मला यादी लादायची नाही. ज्या नावामागं लपायचं आहे ते नाव नको, एवढंच माझं भांडण.

कार्यकर्त्यांनो, आता कामाचं. बाळंतिणीला दवाखान्यातून कागद मिळतो त्यावर बऱ्याचदा लेकराचं नाव नसतं. तो कागद पेटीत पडतो आणि सहा वर्षांनी शाळेत कुणीतरी मनाला येईल ते नाव लिहितं. जन्माच्या नोंदीत नाव घालायला पहिले बारा महिने पैसे लागत नाहीत. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव लागतं, लेकराचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. आईचं नाव तिथं पुरं गेलं पाहिजे, 'संगी' नाही, संघमित्रा. नुकतं बाळंतपण झालेली घरं वस्तीत मोजा, आईबापाला घेऊन ग्रामपंचायतीत जा, लिहिलेलं स्वतः वाचून घ्या, काना-मात्रा-वेलांटीसकट. आणि ज्या पोरांची पंधरा वर्षं भरत आली आहेत त्यांचे कागद आधी बघा.