यादी हीसुद्धा अमानत आहे

सौंदडमध्ये शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी घरोघरी जाऊन आधारच्या झेरॉक्स मीच जमवल्या आणि त्यांचे फोटो जमातीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. काही दिवसांनी एका खालांना फोन आला. मुलीचे नाव, जन्मतारीख सगळे बरोबर. समोरच्याला फक्त ओटीपी हवा होता. खालांनी तो दिला नाही, पण मान माझी खाली गेली.

मित्रांनो, लोक आपल्यावर भरवसा ठेवून कागद देतात. ती अमानत आहे. शेवटचे ४ आकडेच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ मागा, ग्रुपवर काही टाकू नका, काम होताच फोटो पुसून टाका. कुणी फसलेच तर त्याला हसू नका. लगेच १९३० वर फोन लावून द्या. लाजेपायी झालेला उशीरच चोराच्या पथ्यावर पडतो.